‘मानापमाना’तील राज्य

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘संगीत मानापमान’ हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत प्रथम रंगभूमीवर आणले. त्यास शतक उलटून गेले. २०२५च्या जानेवारीत सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला, त्यावर आधारलेला चित्रपटही निघाला. त्या निमित्ताने येथे गंगापूर रोडवरील आमच्या लहानशा वाचनमंडळाने मूळ नाटक पुनः वाचावयास घेतले. गोविंदराव टेंबे यांच्या चाली, बालगंधर्वांची भामिनी, ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले व बालगंधर्व यांनी मिळून केलेला प्रयोग, या गोष्टी सांगून कोणी थकत नाही आणि ऐकून कोणी कंटाळत नाही. परंतु ज्या राज्यात हे सारे घडते, त्या राज्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. आज त्याविषयीच चार शब्द लिहिण्याचा आमचा विचार आहे.

हे राज्य नकाशावर सापडावयाचे नाही. तेथे सेनापती आहे, छावणी आहे, चोरांचे भय आहे. आणि माणसाची किंमत त्याच्या अंगावरील दागिन्यांवरून ठरविण्याची रीत आहे. धनवंताची कन्या भामिनी ही पराक्रमी परंतु निर्धन अशा धैर्यधरास झिडकारते. भित्रा लक्ष्मीधर केवळ पैशाच्या बळावर मिरवितो. पुढे भामिनी ‘वनमाला’ या नावाने गरीब मुलीचा वेष घेऊन छावणीत जाते, आणि मानापमानाचा हिशेब फिरतो. लग्नाच्या बाजारात हुंडा मोजणाऱ्या समाजापुढे धनिकाचे असे हसे करणे ही लहान गोष्ट नव्हे. अपमान झाल्यावर धैर्यधर लाचार होत नाही. स्वाभिमान ही काही श्रीमंतांचीच मिरास नाही, हे तो कृतीने दाखवितो. नाटकाचा खरा प्राण येथे आहे.

कल्पित किंवा पौराणिक दरबारात काय काय लपविता येते, हे खाडिलकरांस पुरते ठाऊक होते. १९०७च्या ‘कीचकवधा’त त्यांनी विराटाच्या घरी कर्झनशाही उभी केली आणि प्रेक्षकांस ती तत्काळ ओळखू आली. सरकारासही आली, १९१०मध्ये त्या नाटकावर बंदी पडली. अशा लेखकाने पुढच्याच वर्षी नवे राज्य रचिले, तेव्हा त्यात काय घातले आणि काय वगळले, हे विचारण्याचा अधिकार वाचकास आहे.

आमच्या मते या राज्यातील उतरंड हलते, पण मोडत नाही. लायक माणूस खालच्या पायरीवरून वर येतो, नालायक माणूस हास्यास्पद होतो, आणि पायऱ्या मात्र होत्या तेथेच राहतात. नाटक संपल्यावर मनात ठसते ती एकच गरीब मुलगी, वनमाला. आणि तीही खरी गरीब नव्हे. दारिद्र्य हे तिचे लुगडे आहे, काम झाले की उतरून ठेवावयाचे. लक्ष्मीधराची संपत्ती कोणाच्या श्रमांतून आली, असा प्रश्न नाटकास पडत नाही. धनाची चर्चा पुष्कळ होते. जन्माची होत नाही. ती बाजू आधीच जुळलेली आहे असे लेखकाने व प्रेक्षकांनी मिळून गृहीत धरलेले दिसते.

यावर कोणी म्हणेल की विनोदी संगीत नाटकाकडून एवढी अपेक्षा कशास? अपेक्षा आमची नव्हे, परंपरेचीच आहे. देवलांनी मराठीत आणलेले ‘मृच्छकटिक’ प्रेमकथाच आहे. परंतु शूद्रकाच्या मूळ नाटकात संवाहक आहे, जुगारी आहेत, चोर आहे. चांडाळांसही बोलावयास मिळते, आणि अखेर गोपाळाचा मुलगा आर्यक सिंहासनावर बसतो. तेथे उज्जयिनी खरी, तरी राज्य उलथण्याची कल्पना करवली. येथे राज्यच कल्पित, तरी कल्पना अर्ध्या वाटेवर थांबली.

आणि ही वाट खरोखर किती लांब होती, हे नाशिककरांस वेगळे सांगावयास नको. गोदावरीकाठी पंचवटीत काळारामाच्या दारी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, आणि तो कित्येक वर्षे चालला. धैर्यधराच्या स्वाभिमानास टाळ्या देणारा सुशिक्षित वर्ग त्या दारी उभ्या राहिलेल्यांचा स्वाभिमान पाहून सहसा टाळ्या वाजवीत नव्हता. मान हा गुणाचा, हे तत्त्व नाट्यगृहात पटत होते. देवळाच्या पायरीवर ते पटेना.

आमचे तरी काय? ज्या दिवाणखान्यात आम्ही हे नाटक वाचले, त्याच घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा ठेवलेला आहे. तो कोणी वेगळा ठेविला, हे कोणास आठवत नाही. वाचन संपल्यावर आमच्यापैकी एका वृद्ध बाईंनी, कोणाकडेही न पाहता, तो कप उचलून इतर कपांत ठेविला. चर्चा तेथेच थांबली.

‘मानापमान’ मोठे नाटक आहे, आणि ते पुनः पुनः व्हावे, गावे, ऐकावे, असेच आम्हांस वाटते. मात्र त्या राज्याच्या सीमेवर आपले घरही लागते, एवढे प्रेक्षकाने विसरू नये.