पहिल्या वर्षाचा निकाल: पेटन मॅनिंगचा १९९८चा हंगाम

मागच्या व्याख्यानात आपण बर्नार्ड विल्यम्सच्या ‘मॉरल लक’ या १९७६ सालच्या मांडणीवर बोललो. घर-संसार सोडून चित्रं काढायला निघून गेलेला गोगँ, आणि त्याचा तो निर्णय योग्य होता की नाही हे पुढं त्याची चित्रं कशी निघाली यावर ठरतं का, हा तो प्रश्न. शेवटी एकांनी विचारलं, ‘सर, गोगँ पुरे झाला, दुसरं काही उदाहरण द्या.’ ते आज देतो. मात्र ते अमेरिकी फुटबॉलमधलं आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

मला या खेळातलं काय कळतं, असं तुमच्या मनात येणार. बरोबर आहे. माझी मुलगी इंडियाना राज्यात राहते. तिथल्या थंडीत म्हातारा माणूस घराबाहेर पडू शकत नाही, आणि रविवारी घरात दुसरं काही लागलेलं नसतं. नातवाची काही फजिती झाली, परीक्षेत म्हणा, पोहण्यात म्हणा, की आमचे जावई त्याला एकच गोष्ट सांगतात. पेटन मॅनिंगने पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन दिली, नवख्या खेळाडूने दिलेली आजवरची सगळ्यात जास्त, आणि बघ पुढं तो कोण झाला! गोष्ट खरी आहे. माझं भांडण तिच्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी आहे.

आधी खेळाचं थोडक्यात. क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू येतो. समोरून धिप्पाड माणसं त्याच्यावर धावत येत असतात. दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की चेंडू कुणाकडे फेकायचा. आपल्या माणसाने झेलला तर पास पूर्ण, सीमापार झेलला तर टचडाउन, आणि प्रतिस्पर्ध्याने मधेच झेलला तर इंटरसेप्शन. फेकायच्या आत त्यालाच आडवा केला तर सॅक. एवढं पुरे.

तळाला राहिलेल्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला मान मिळतो. १९९७ साली इंडियानापोलिस कोल्ट्सने १६पैकी ३ सामने जिंकले होते, म्हणून १९९८ची पहिली निवड त्यांची. दोन नावं होती: टेनेसी विद्यापीठाचा मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ. कोण सरस यावर जाणकारांत खरोखरच मतभेद होते. हे लक्षात ठेवा, कारण आज ‘ते तर उघडच होतं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. कोल्ट्सने मॅनिंग घेतला. दुसरी निवड सॅन डिएगो चार्जर्सने मोठी किंमत मोजून मिळवली आणि लीफला घेतलं.

दोन सामने झाले तेव्हा लीफचा संघ दोन्ही जिंकला होता, मॅनिंगचा दोन्ही हरला होता. त्या आठवड्यात कुणी निकाल लावला असता तर? तिसऱ्या सामन्यात लीफने १५ फेकी केल्या, त्यातली एक पूर्ण झाली, ४ यार्डांची. मॅनिंगचा संघ पहिले चारही सामने हरला. पाचव्या सामन्यात, ४ ऑक्टोबरला, हे दोघे समोरासमोर आले आणि कोल्ट्स १७-१२ने जिंकले. हंगामाअखेर कोल्ट्सचे विजय किती? पुन्हा तीनच. म्हणजे तक्त्याकडे नुसतं पाहिलं तर मॅनिंगच्या येण्याने काडीचाही फरक पडला नव्हता.

आता मॅनिंगचे आकडे. ५७५ फेकी, ३२६ पूर्ण, ३,७३९ यार्ड, २६ टचडाउन, २८ इंटरसेप्शन. लीफचे: २४५ फेकी, १११ पूर्ण, २ टचडाउन, १५ इंटरसेप्शन. जरा भागाकार करू या. मॅनिंगच्या शंभर फेकींमागे इंटरसेप्शन जवळजवळ ५. लीफची ६. बघा, म्हणजे चुकांच्या दरात फार मोठं अंतर नाही! अंतर कुठे आहे? मॅनिंगने दर २२ फेकींमागे एक टचडाउन दिलं, लीफने दर १२२ फेकींमागे एक. आमच्या जावयांची गोष्ट चुका मोजते. या दोघांना वेगळं करणारी गोष्ट चुकांमध्ये नव्हतीच, जे जमत होतं त्यात होती. त्या वेळी २६ टचडाउन हाही नवख्या खेळाडूचा विक्रम होता. तो अर्धा भाग मात्र गोष्ट सांगताना गळून जातो, कारण मग गोष्ट तितकी रंगत नाही.

अजून एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. मॅनिंग सगळे १६ सामने खेळला आणि त्याला सॅक झाले फक्त २२. चार वर्षांनी ह्यूस्टनच्या डेव्हिड कारला त्याच्या पहिल्या हंगामात ७६ सॅक झाले. याचं काही श्रेय समोर उभ्या असलेल्या रक्षकांचं, हे मान्य. पण सगळं नाही. चेंडू हातात धरून गोंधळून उभा राहणारा माणूस आडवा होतो. हा राहत नव्हता. तो बघत होता, ठरवत होता आणि फेकत होता. ठरवलेलं पुष्कळदा चुकत होतं. न सुचल्यामुळे होणारी चूक आणि ठरवून केलेल्या कृतीतली चूक यांत तर्कशास्त्राने नाही तरी शिक्षणशास्त्राने फरक करायलाच हवा.

तिसरा पुरावा सगळ्यात बोलका आहे. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क जेट्सने कोल्ट्सना ४४-६ने धुऊन काढलं. नोव्हेंबरच्या मध्यावर तोच संघ पुन्हा समोर आला, आणि तो काही पडका संघ नव्हता, त्या वर्षी त्याने १२ सामने जिंकले. या वेळी अखेरच्या मिनिटात मॅनिंगने टचडाउनचा पास दिला आणि सामना २४-२३ने काढला. प्रतिस्पर्धी तोच, मधे दोन महिने.

हे सगळं १९९८च्या डिसेंबरात समोर होतं. त्यासाठी १९९९चे १३ विजय लागत नाहीत, दोन सुपर बोल लागत नाहीत. विल्यम्सशी माझं इथंच जमत नाही. गोगँचं काय ते असो, पण परीक्षकाला भविष्याची मुभा नाही. उत्तरपत्रिका आज समोर आहे, ती आज तपासायची.

उलट बाजूने बघा. २०१२ साली वॉशिंग्टनच्या रॉबर्ट ग्रिफिनचा पहिला हंगाम दृष्ट लागण्यासारखा होता: २० टचडाउन, अवघी ५ इंटरसेप्शन, वर धावून काढलेले ८१५ यार्ड. वर्षातला सर्वोत्तम नवखा तोच ठरला. जानेवारीत गुडघा गेला आणि तसा हंगाम पुन्हा आला नाही. म्हणून २०१२चा हंगाम वाईट ठरतो का? नाही ना? मग मॅनिंगचीही २८ इंटरसेप्शन पुढच्या यशाने चांगली ठरत नाहीत. ती वाईटच होती. काही चेंडू सहकाऱ्यांच्या हाताला लागून उडाले असतील, बचावफळी दुबळी असल्याने सतत पिछाडीवरून फेकावं लागत असेल, तरीही २८ म्हणजे फार झाली.

इथं जरा माझ्याबद्दल सांगतो. विभागप्रमुख असताना एका नव्या व्याख्यात्याचा परिवीक्षेचा अहवाल मी लिहिला होता. त्याच्या वर्गात मी एकदाच बसलो, तेही तिसऱ्या आठवड्यात. तो अडखळत होता, फळ्यावर लिहिलेलं पुसत होता, मुलं हसत होती. पुढं काही तक्रारी आल्या, त्या मी मोजल्या. ‘अध्यापन असमाधानकारक’ असे दोन शब्द लिहिले आणि वर्षअखेर त्याला जावं लागलं. तक्रारी कशाबद्दल आहेत, पहिल्या सत्रातल्याच दुसऱ्या सत्रात आल्या का, हे मी पाहिलं नाही. त्याच्या वर्गात मी दुसऱ्यांदा गेलो नाही. माझा ४४-६ मी पाहिला होता, नोव्हेंबरचा सामना पाहिलाच नाही. तो पुढं काय झाला ते मला माहीत नाही. एका मित्राने शोधून देतो म्हटलं, मी नको म्हणालो. तो मोठा विद्वान झाला असेल तर माझा अहवाल चूक, आणि नसेल झाला तर बरोबर, असं होत नाही. तो अहवाल लिहिला त्याच दिवशी चुकीचा होता.

एक आक्षेप उरतो, आणि तो मला पुरता सोडवता आलेला नाही. २८ इंटरसेप्शन द्यायलासुद्धा आधी कुणी तरी तुम्हाला मैदानावर ठेवावं लागतं. मॅनिंग पहिल्या क्रमांकाने निवडलेला, त्याच्यावर संघाचा पैसा आणि अब्रू लागलेली, वडील आर्ची मॅनिंग स्वतः नावाजलेले क्वार्टरबॅक. प्रशिक्षक जिम मोरा यांनी त्याला सोळाही सामने खेळवलं. सातव्या फेरीत निवडलेल्या पोराला दहाव्या इंटरसेप्शनलाच बाकावर बसवलं असतं, आणि मग त्याचा नोव्हेंबर कुणाला दिसला असता? लीफलाही नोव्हेंबरात बसवलं. ते बरोबरच होतं असं मला वाटतं, पण वाटतं एवढंच म्हणतो. कारण माझ्याकडे मॅनिंगच्या ५७५ फेकी आहेत आणि लीफच्या २४५. पुरावा विषम आहे, आणि तो विषम करणारे तेच लोक, ज्यांना निकाल लावायचा होता. मॅनिंग स्वतः गमतीने म्हणत असतो की हा विक्रम कुणी तरी मोडावा. आता तर हंगाम १७ सामन्यांचा झालाय, तरी अजून कुणी मोडलेला नाही. तितकी इंटरसेप्शन होईपर्यंत नवख्याला खेळवत ठेवणारा संघ मिळणं सोपं नसावं.

नातवाने परवा फोनवर विचारलं, ‘आजोबा, मग बाबांची गोष्ट खोटी का?’ मी म्हटलं, खोटी नाही, अर्धी आहे. लीफची पण सांगायला सांग. जावई दोन दिवस माझ्याशी जरा तुटकच बोलत होते.

चला, प्रश्न घेऊ. मागे कुणी तरी मघापासून हात वर करून बसलंय.