देवपुत्र आणि मानवकन्या

बायबलातील ‘उत्पत्ति’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी चार वचने आहेत. त्यांच्या अर्थाविषयीचा वाद दोन हजार वर्षे चालून अद्यापि मिटलेला नाही. मजकूर थोडका आहे. पृथ्वीवर माणसे वाढू लागली, त्यांना कन्या झाल्या. त्या सुंदर आहेत असे देवपुत्रांनी पाहिले आणि मनास आल्या त्या बायका करून घेतल्या. मग माणसाच्या आयुष्याला १२० वर्षांची मर्यादा पडली. त्या संबंधांतून जन्मले ते पुरातन काळचे नामांकित वीर. महाकाय नेफिलीमांचा उल्लेखही तेथेच आहे. आणि लागलीच जलप्रलयाची कथा सुरू होते.

देवळातील पुराणश्रवणात वाढलेल्या आमच्या वाचकांना यात अडखळण्यासारखे काय, असे वाटेल. गंगा शंतनूच्या घरी नांदली, उर्वशी पुरूरव्यापाशी राहिली, कुंतीच्या पुत्रांचे जनक कोण हे तर पोराबाळांसही ठाऊक. देव आणि माणूस यांच्यामधली भिंत आम्हांस कधी फार उंच वाटली नाही. इस्राएलाच्या धर्माचा मात्र ती भिंत हाच पाया होय. म्हणून तिला पडलेले हे भगदाड बुजविण्याची खटपट पुष्कळ झाली.

दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बर योहाय यांनी ‘देवपुत्र’ म्हणजे न्यायाधीशांचे पुत्र असा अर्थ लावला, आणि शब्दशः अर्थ करणाऱ्यांस शाप दिला. ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या पंधराव्या भागात दुसरी वाट धरली. त्याच्या मते देवपुत्र म्हणजे आदामाचा सत्शील पुत्र शेथ याचे वंशज, आणि मानवकन्या या भ्रातृघातकी काइनाच्या वंशातल्या. पवित्र देवदूत असे पतित होतील हे त्याच्या मनास पटत नव्हते.

कायद्याचे वाचन करणाऱ्यास हा अर्थ पटणे कठीण. एकाच कलमात एक शब्द दोनदा आला, तर सबळ कारणावाचून त्याचे दोन अर्थ करू नयेत, हा आमच्या व्यवसायातला जुना नियम. पहिल्या वचनात ‘मानव’ म्हणजे सारी मनुष्यजात. मग दुसऱ्यात तोच शब्द एकट्या काइनाच्या कुळापुरता कसा आकसला? शिवाय ईयोबाच्या पुस्तकात देवपुत्र परमेश्वरापुढे येऊन उभे राहतात, ते निःसंशय स्वर्गातले. जुन्या ग्रीक भाषांतराच्या काही हस्तलिखितांत तर येथे उघड ‘देवदूत’ असाच शब्द आहे. ऑगस्टीनचा अर्थ मजकुरातून निघालेला नाही, संकोचातून निघालेला आहे.

तथापि या संकोचास हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन यांनी मोरभट्ट दांडेकरांस उत्तरादाखल ग्रंथ लिहिला, त्यात आमच्या देवांच्या आचरणावर कठोर टीका होती. त्या टीकेस परतफेड म्हणून ही चार वचने तोंडावर फेकता येतील. पण त्याने निष्पन्न काय होणार? इंद्र-अहल्येच्या कथेने कुमारिल भट्टांसही असेच संकटात टाकले होते, आणि त्यांनी इंद्र म्हणजे सूर्य व अहल्या म्हणजे रात्र असे सांगून सुटका करून घेतली. ऑगस्टीन आणि कुमारिल यांना एकाच बाकावर बसविलेले दोघांच्याही भक्तांस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो.

विरुद्ध बाजूचा हुकमी पुरावा म्हणजे मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायातले येशूचे वचन. पुनरुत्थानानंतर माणसे लग्न करीत नाहीत, स्वर्गातील देवदूतांसारखी असतात, असा त्याचा आशय. पण प्रश्न निराळा होता. सात भावांशी एकामागून एक विवाह झालेली स्त्री पुनरुत्थानानंतर कोणाची, असे सदूकी पंथीयांनी विचारले होते. उत्तरात स्वर्गातील रीत सांगितली आहे. ती मोडता येतच नाही, असे म्हटलेले नाही. यहूदाच्या छोट्या पत्रात तर आपले नेमलेले स्थान सोडून गेलेल्या, आणि त्यासाठी अंधारात जखडून ठेवलेल्या दूतांचा निर्देश आहे.

हे दूत कोण, हे हनोखाच्या पुस्तकात सविस्तर वाचावयास मिळते. हे पुस्तक संपूर्ण उरले ते इथिओपियाच्या गीझ भाषेत. तेथील चर्च ते आजही धर्मग्रंथ मानते. जेम्स ब्रूस या प्रवाशाने त्याच्या प्रती १७७३ साली युरोपात आणल्या. पुढे मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील गुहांत त्याचे अरामी तुकडेही सापडले. त्यात दोनशे दूत हर्मोन पर्वतावर उतरतात. त्यांच्या नायकास भय वाटते की, सारे मागे फिरतील आणि शिक्षा एकट्यास भोगावी लागेल. म्हणून तो सर्वांस शपथेने बांधून घेतो. कटाचे याहून चोख वर्णन आम्ही फिर्यादींतही क्वचितच वाचले. पुढे अपराधी दूत हनोखाकडून क्षमेचा अर्ज लिहवून घेतात. अर्ज नामंजूर होतो, आणि निकालही मार्मिक आहे: माणसांसाठी रदबदली तुम्ही करावयाची, तुमच्यासाठी माणसाने नव्हे; तुम्ही अमर होता, म्हणूनच तुम्हांस स्त्रिया नेमून दिल्या नव्हत्या. मत्तयातील वचनाच्या मागे हाच विचार उभा आहे असे आम्हांस वाटते. दूतांना हे अशक्य होते असे नव्हे. त्यांना ते विहित नव्हते.

मूळ चार वचनांत यातले काहीच नाही. तेथे अपराध देवपुत्रांचा आणि आयुष्य तोडले ते माणसाचे, ही विसंगती तशीच राहिली आहे. हनोखाच्या लेखकाने निदान खऱ्या आरोपीस पिंजऱ्यात उभे केले. पण त्या कन्यांना कोणी काही विचारले नाही. त्यांची संमती होती की नव्हती याविषयी दोन्ही ग्रंथ मुके आहेत. नंतरच्या ‘रऊबेनाचे मृत्युपत्र’ या ग्रंथात त्यांचे नाव निघाले, ते मात्र आरोपी म्हणून: साजशृंगार करून दूतांना भुलविले ते त्यांनीच. बचावाचा हा प्रकार आमच्या न्यायालयांस अनोळखी नाही.