'मिस्टेक' म्हणणारा संगणक

आमच्या काळचा संगणक साधा होता, पण तो आम्हाला कळत होता. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे नुसती पोपटपंची. चाळिशी ओलांडलेल्या संगणकप्रेमींचा हा ठरलेला सूर. मीही तो अनेकदा लावला आहे. मुलचेऱ्याच्या एका शाळेत दोन दिवस काढल्यावर मात्र त्यातले निम्मे मागे घ्यावेसे वाटते.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' हा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. अडीचशेच्या आसपास शाळांना ब्रिटिश बनावटीचे 'बीबीसी मायक्रो' संगणक मिळाले. स्मृती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही तीत मावणार नाही. चंद्रपूरला माझ्या शाळेत असाच एक संगणक, दुसरीकडे वापरून झालेला, १९९२च्या सुमारास आला. बेसिक भाषेतली आज्ञा चुकीची लिहिली की पडद्यावर एकच शब्द उमटे : 'मिस्टेक'. ज्या चलाची किंमत दिलेलीच नाही ते वापरले, तर 'असे चल नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ येई आणि काम थांबे. आपण सूत्रच चुकीचे दिले, तर उत्तरही बिनदिक्कत चुकीचे येई, हे खरे. पण मग एकेक ओळ वाचून चूक हुडकता येत असे.

एवढे कौतुक पुरे. त्या खोलीला बहुतेक वेळ कुलूप असे. आठवड्यातून एक तास, एका कळफलकाभोवती आम्ही आठजण, आणि पुस्तिका इंग्रजीत. कळांवर बोटे पडत ती इंग्रजी बरे असणाऱ्या दोघांची. 'आम्हाला कळत होता' यातले 'आम्ही' म्हणजे हे दोघे.

मुलचेरा तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावे आहेत, माडियांची आहेत, तेलुगू बोलणारी कुटुंबेही आहेत. पाठ्यपुस्तक मराठी. तिथल्या गुरुजींनी मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका आज्ञावलीकडून प्रकाशसंश्लेषणाचा पाठ बांगलात करून घेतला. एरवी गप्प बसणाऱ्या एका मुलाने तो वाचून विचारले, "मग रात्री झाड काय करते?" आमच्या बीबीसी मायक्रोने असा प्रश्न कुणाकडून काढून घेतला नव्हता.

मग गुरुजींनी तोच पाठ माडियात मागितला. क्षणात पाच वाक्ये आली. माडिया मुलींनी ती वाचली, एकमेकींकडे पाहिले आणि हसू लागल्या. एक म्हणाली, "सर, दोन-तीन शब्द आमचे आहेत. बाकीचे कोणाचे, माहीत नाही." 'नक्की का?' असे विचारताच आज्ञावलीने क्षमा मागून नवी पाच वाक्ये दिली. त्यांनाही मुली हसल्या.

असे का होते? ही आज्ञावली प्रचंड लिखित मजकुरावरून, आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द किंवा शब्दाचा तुकडा येण्याची शक्यता किती, याचे गणित शिकलेली असते. बांगलात छापील मजकूर अफाट. गोंडी बोलणारे २०११च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक असले, तरी लिहिलेले फार थोडे. त्यात प्रदेशागणिक रूप बदलते, आणि माडियाचे लेखन तर त्याहूनही तुटपुंजे. पण मजकूर अपुरा म्हणून गणित थांबत नाही. कोणता तरी तुकडा पुढे येतोच. 'मला माहीत नाही' हे तिला वेगळे शिकवावे लागते, आणि ते शिक्षण अजून कच्चे आहे.

अस्खलित बोलणे म्हणजे समजणे, अशी आपली जुनी गल्लत आहे. जोसेफ वायझेनबॉम यांची 'एलायझा' ही १९६६ची आज्ञावली माणसाचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारी. तरी त्यांच्या सचिव बाईंनी तिच्याशी खाजगी बोलायचे म्हणून त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले.

माडिया मुली फसल्या नाहीत, कारण भाषा त्यांची होती. पण तो बांगला पाठ कोणी तपासला? गुरुजींना बांगला येत नाही, मलाही नाही. मुलाने प्रश्न विचारला एवढाच आमच्यापाशी पुरावा, आणि त्यावर मी निम्मे मत बदलून बसलो!

केंद्रीय आदिवासी मंत्रालयाच्या २०२५च्या 'आदि वाणी' या अनुवाद-साधनात गोंडीचाही समावेश आहे. त्याची परीक्षा दिल्लीत नव्हे, या मुलींनी घ्यावी. गुरुजींनी एक वही घातली आहे. डाव्या पानावर यंत्राचे वाक्य, उजव्या पानावर मुलींचे, देवनागरीत. बांगलासाठी ते गावातल्या एका निवृत्त शिक्षकांना गाठणार आहेत.