चेलो म्हणजे तंबोरा नव्हे
मंडळी, आपले कान ठाण्याच्या गडकरी रंगायतनात, डोंबिवलीच्या फुले कलामंदिरात जुगलबंद्या ऐकून तयार झालेले. म्हणून बरोक काळातल्या कोरेल्लीचे, १६८१ साली छापलेले ट्रायो सोनाटा लावले की आपण दोन व्हायोलिनांत सवाल-जवाब शोधतो आणि खालच्या चेलोला तंबोरा समजून सोडून देतो. घोटाळा होतो तो इथेच. तंबोरा षड्ज धरून बसतो. हा चेलो चालतो. वर व्हायोलिन एक सूर धरून थांबलेलं असतं, चेलो खालून सरकतो आणि तोच गोड सूर एकदम टोचायला लागतो. मग व्हायोलिन एक पायरी उतरतं, हायसं वाटतं. दाद द्यायची जागा ती! तेव्हा पुन्हा लावा, या खेपेला नुसता चेलो ऐका. लोकलमध्ये मात्र नको. गाडीच्या खडखडाटात नेमका तोच बुडतो.