‘आनंदी गोपाळ’ : विवाहित विद्यार्थिनीच्या समायोजनाचा प्रश्न

विवाहित विद्यार्थिनीच्या समायोजनाचा विचार करताना पतीचे सहकार्य व पतीचा विरोध असे दोन कप्पे पाडले जातात. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीत ते टिकत नाहीत. १८८३ मध्ये आनंदीबाई पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, त्यामागे गोपाळरावांचाच हट्ट होता. आणि थंडी, आहार, आजारपण यांच्याशी झगडताना मन पोळणारी पत्रेही त्यांचीच. १८८६ मध्ये पदवी मिळाली म्हणून समायोजन साधले, असे म्हणणे उथळपणाचे होईल. १८८७ मध्ये निधनसमयी त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मात्र लेखकाचा ओढा दांपत्याच्या संघर्षाकडे असल्याने वर्गातील आनंदीबाई काहीशा अंधूकच राहतात.