बारा हात आणि आपला उंबरठा

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत घरातल्या मुलांना जुना ‘दो आँखें बारह हाथ’ दाखवला. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि माझ्या धाकटीने विचारले, “बाबा, ते सहा जण शिक्षा संपल्यावर राहायला कुठे गेले?” इतक्या वेळा हा बोलपट पाहिला, त्याच्यावर वर्गात बोललो, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. सुचला नाही याचे श्रेय व्ही. शांताराम यांच्या कसबाला द्यावे, की माझ्या सोयीस्कर डोळेझाकीला, याचा विचार तेव्हापासून मी करीत आहे.

१९५७ सालचा हा चित्रपट ‘राजकमल’चा. कथा गदिमांची. आदिनाथ नावाचा तरुण जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर काढतो, एका उजाड माळावर नेतो, त्यांच्या हातून शेत पिकवून घेतो. पळू पाहणाऱ्यांना त्याच्या डोळ्यांची आठवण माघारी फिरवते. पुढे ते बाजारात स्वस्त भाजी विकू लागतात, व्यापारी चिडतात, मारामाऱ्या होतात आणि शेवटी पिसाळलेल्या बैलाशी झुंजताना जेलरला मरण येते. या झुंजीच्या चित्रणात शांतारामबापूंच्या स्वतःच्या डोळ्यालाच इजा झाली होती. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, बर्लिनच्या महोत्सवात गौरव झाला. त्याची प्रार्थना अजून आमच्या शाळेत होते. चित्रपटाच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्या माळाबद्दल.

माळ का? कारण माळावर शेजारी नसतात. प्रेक्षक म्हणून आपण त्या सहाजणांवर मनापासून माया करतो, आणि करू शकतो, याचे कारण ते आपल्या जिन्यात कधीच भेटणार नसतात. चित्रपटाने आपल्याकडून अश्रू मागितले, खोली मागितली नाही. त्याच्या मध्यभागी घर नाही. मध्यभागी आहेत एका साधुपुरुषाचे दोन डोळे. असा साधुपुरुष दर तुरुंगाला एक मिळायचा तर सारेच प्रश्न मिटले!

गंमत अशी, की ज्या प्रयोगावरून ही कथा सुचली तो इतका एकाकी नव्हता. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव आप्पा पंत आणि भारतानंद हे नाव घेतलेले पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या काळात, १९३९ साली, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. तिथे कैदी शेती करतात आणि बायकामुलांसह राहू शकतात. हे ‘बायकामुलांसह’ मला फार मोलाचे वाटते. पहाटे चूल पेटवायची आहे, मुलाच्या अंगात ताप आहे, अशा माणसावर जेलरचे डोळे रोखून धरायची गरज किती उरते? चित्रपटाने आटपाडीचा माळ उचलला, विश्वासही उचलला. पण चूल मात्र मागे राहिली. कथाकार म्हणून मला हे समजते. चुलीपेक्षा बैलाची झुंज पडद्यावर कितीतरी चांगली दिसते.

कायदा याबाबतीत कथाकारापेक्षा शहाणा निघाला. आपल्या राज्यात कैद्यांच्या फर्लो आणि पॅरोलचे नियम १९५९ सालचे, म्हणजे चित्रपटानंतर दोनच वर्षांनी आलेले. फर्लोचे दिवस शिक्षेतच मोजले जातात, पॅरोलचे जात नाहीत, इत्यादी बारकावे वकिलांनी सांगावेत. माझ्या डोळ्यांत भरले ते इतकेच, की फर्लोसाठी कैद्याला ठेवून घ्यायला राजी असलेला आणि त्याच्यासाठी जामीन लिहून द्यायला तयार असलेला नातेवाईक लागतो. म्हणजे तुरुंगाचे दार उघडण्याआधी कुणाच्या तरी घराचे दार उघडावे लागते.

आमच्या सीबीडी बेलापुरापासून तळोजा कारागृह काही लांब नाही. तिथून १९ नोव्हेंबर २०२२ रोजी गौतम नवलखा यांना सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने आमच्याच आग्रोळीत, एका ग्रंथालयाच्या इमारतीत आणून ठेवण्यात आले. ते शिक्षा झालेले कैदी नव्हेत, एल्गार परिषद खटल्यातले आरोपी. तेव्हा हा पॅरोल नव्हे, स्थानबद्धता. खटल्याच्या बऱ्यावाईटात मला शिरायचे नाही. मला दिसतात ते डोळे. तिथे येण्याजाण्याच्या वाटेवर कॅमेरे होते, फिरायला जाताना सोबत पोलीस होते. मे २०२४ मध्ये जामीन झाला तेव्हा या बंदोबस्तापोटी वीस लाख रुपये भरण्याची अट पडली. आदिनाथाचे डोळे फुकट होते! त्या दीड वर्षात आमच्याकडे चर्चा चालली ती कॅमेऱ्यांची आणि खर्चाची. शेजारी कोणी राहायला आले आहे, असे म्हणताना मी तरी कुणाला ऐकले नाही.

पण न बोलण्यात मीही कुणाच्या मागे नाही, आणि ते येथे सांगितल्याशिवाय चित्रपटाला नावे ठेवण्याचा मला अधिकार पोचत नाही. २०२० च्या मे महिन्यात, करोनाच्या साथीत तुरुंगांतली गर्दी कमी करण्यासाठी, याच १९५९ च्या नियमांत ‘आपत्कालीन पॅरोल’ची भर पडली. पहिल्यांदा पंचेचाळीस दिवस, मग तीस-तीस दिवसांची वाढ. महिन्यातून एकदा पोलीस ठाण्यात हजेरी. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील असे सुटून आले. जामीन राहिला मुलाचा मामा, आणि ती सगळी त्याच्याच दोन खोल्यांत राहिली. आठ दिवसांत इमारतीत कुजबुज झाली, पंधरा दिवसांत ‘बाहेरच्या माणसांना मनाई’ अशी पाटी लागली. पाटी साथीची होती, रोख कुणावर होता ते जिन्यातल्या पोरांनाही कळत होते.

मामा माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, तुमचा शब्द आहे. कमिटीसमोर दोन वाक्ये बोला, इतकेच.” मी त्यांना चहा दिला. तेव्हा बाहेरचा माणूस घरात घेणे हीही जोखीम होती, याचा मला अभिमानही वाटला. मग म्हणालो, “साथ ओसरू द्या, मग बघू.” साथ ओसरायला दोन वर्षे लागली.

फोनवरच्या तासाला तो मुलगा कॅमेरा बंद ठेवी. एकदा का म्हणून विचारले तर म्हणाला, “बाबा मागे बसलेत, सर. ते दाराकडे जात नाहीत.” त्या घरात डोळे रोखणारा जेलर नव्हता, कॅमेराही नव्हता, भोवती आम्ही होतो.

सुटलेल्यांपैकी काही जण पुढे परतलेच नाहीत, ही गोष्ट खरी आहे, आणि भ्यायला कारण नव्हते असे मी म्हणत नाही. ज्यांच्या घरातला माणूस मारला गेला, त्यांना खुन्याच्या सुट्टीचे कौतुक सांगायला कोणी जाऊ नये. शांतारामबापूंनीही तो उंबरठा पडद्यावर फारसा ओलांडला नाही. पण २०२२ मध्ये परतण्याचा हुकूम निघाला तेव्हा या मुलाचे वडील ठरल्या तारखेच्या आदल्या दिवशीच गेले. मामा पोचवायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी मला जिन्यात नमस्कार केला आणि न थांबता वर गेले.

धाकटीला मी उत्तर दिले ते असे, की ते सहाजण त्याच शेतावर राहिले असतील. तिला ते पटले नाही.