लाकडी छायायंत्र आणि मानीव मध्यान्ह

समीक्षा म्हटली की ती ग्रंथाची, नाटकाची किंवा गायनाची असावयाची, असा आपल्याकडे संकेत पडून गेला आहे. सुताराच्या कामास समीक्षक मिळत नाही. गिऱ्हाईक मिळाले म्हणजे झाले! त्यातून ते काम नवशिक्याचे असेल तर कौतुकाचे दोन शब्द बोलून मंडळी मोकळी होतात. आम्ही आज ज्या वस्तूंविषयी लिहिणार आहो, त्या अशाच दोन नवशिक्या वस्तू आहेत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील नववीत शिकणाऱ्या एका मुलाने केलेली ही दोन लाकडी छायायंत्रे होत. ती देवळाच्या अंगणात ठेवावी की न ठेवावी, असा प्रश्न आमच्या विश्वस्त मंडळापुढे आला, आणि आरंभी आम्ही स्वतः प्रतिकूल मत दिले. ते मत बदलण्याची पाळी का आली, हे वाचकांपुढे मांडणे आमचे कर्तव्य आहे.

पहिले यंत्र पाहताक्षणी मन प्रसन्न होते. शिसवी फळी, कडांना गोलाई, वर चकचकीत रोगण, रोमन आकडे आणि मधोमध उभी केलेली त्रिकोणी पट्टी. परंतु मुलाने ते एका परदेशी नमुन्याच्या कागदावरून जसेच्या तसे उतरवले होते, आणि तो कागद लंडनच्या अक्षांशाचा, म्हणजे सुमारे साडेएक्कावन्न अंशांचा होता. आता छायायंत्राच्या पट्टीची तिरपी कड आकाशातील ध्रुवाकडे रोखलेली असावी लागते. म्हणून ती आडव्या फळीशी जो कोन करते तो त्या गावच्या अक्षांशाइतकाच असला पाहिजे. ग्वाल्हेरचा अक्षांश २६ अंश १३ कला. लंडनचा ध्रुव येथल्या अंगणात कोठून यावा?

या चुकीचा स्वभाव विलक्षण आहे. असले परके यंत्र उत्तर-दक्षिण बरोबर मांडले, तर सूर्याच्या मध्यान्ही ते अचूक असते. मुलाने ते मध्यान्हीच तपासले आणि निर्धास्त झाला. प्रत्यक्षात सूर्याचे तीन वाजलेले असता हे यंत्र २१ जूनच्या सुमारास ३ वाजून ४९ मिनिटे दाखवील, विषुवदिनी ३ वाजून १२ मिनिटे, आणि डिसेंबरच्या अखेरीस २ वाजून ४३ मिनिटे. चूक नेहमी सारखी असती तर वजा करून काम भागले असते. येथे ती ऋतूगणिक बदलते. आमच्या धंद्यात अशा साक्षीदाराची गाठ पुष्कळदा पडते. एका प्रश्नाचे उत्तर तो निर्दोष देतो, आणि त्या एका उत्तराच्या बळावर त्याची सगळी जबानी खरी मानली जाते.

हा दोष असाध्य मात्र नाही. फळीच्या दक्षिण कडेखाली सव्वापंचवीस अंशांची पाचर ठोकली, की पट्टीची कड ध्रुवाकडे वळते आणि लंडनचे यंत्र ग्वाल्हेरात खरे बोलू लागते. तसे केल्यावर ते देखणे यंत्र वाकड्या मानेने बसल्यासारखे दिसते. मुलाला ते रूप आवडले नाही. आम्हांला विचाराल तर पहिल्या यंत्राचे ते सर्वांत प्रामाणिक रूप होते.

दुसरे यंत्र त्याने स्वतःच्या बुद्धीने केले. जुन्या दाराच्या सागवानी फळीचा तुकडा, करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या एवढीच सामग्री. कोनमापक नव्हता. त्याने देवळातील पुरोहितांस विचारले आणि त्यांनी पंचांगाच्या गणितातील एक जुना शब्द सांगितला : पलभा. सूर्य विषुववृत्तावर असतो त्या दिवशी बारा अंगुळांच्या शंकूची मध्यान्ही जेवढी सावली पडते, ती त्या गावची पलभा. ग्वाल्हेरची पलभा सुमारे ५ अंगुळे ५४ व्यंगुळे येते. आता गंमत पाहा. पाया १२ आणि उंची पलभेइतकी, असा काटकोनी त्रिकोण लाकडातून कापला, की त्याची तिरपी कड आपोआप त्या गावच्या अक्षांशाचा कोन करते! ज्योतिषाचा आकडा तोच सुताराचा आकडा. गोव्याच्या वाचकाने हाच त्रिकोण पणजीसाठी कापावयाचा तर बारास सुमारे ३ अंगुळे २० व्यंगुळे घ्यावी. पुणेकराने ४ अंगुळांस जरा अधिक. अंगुळांऐवजी सेंटिमीटर घेतले तरी बिघडत नाही, कारण येथे प्रमाणाचेच महत्त्व आहे.

तासांच्या रेषाही त्याने ग्वाल्हेरच्याच काढल्या. मध्यान्हरेषेपासून पहिल्या तासाची रेषा सुमारे पावणेसात अंशांवर, दुसऱ्या तासाची सव्वाचौदावर, तिसऱ्याची चोविसांच्या किंचित अलीकडे, चौथ्याची साडेसदतिसांच्या जवळ, पाचव्याची पावणेएकोणसाठांवर आणि सहाव्याची नव्वदावर. सकाळच्या बाजूस हीच मापे उलट घ्यावयाची. रेषा सारख्या अंतराने नाहीत, म्हणून पाहणारा पुष्कळदा त्यांस चूक समजतो. पंधरा-पंधरा अंशांच्या सारख्या रेषा हव्या असतील, तर तबकडीच विषुववृत्ताच्या पातळीत तिरकी उभी करावी लागते. उज्जयिनीचे नाडीवलय यंत्र त्या जातीचे आहे.

दिशा साधण्यासाठी होकायंत्राकडे त्याने पाहिले नाही. सपाट जागी शंकू उभा करून भोवती वर्तुळ काढावे, सकाळी सावलीचे टोक वर्तुळास जेथे स्पर्श करते तेथे एक खूण आणि दुपारनंतर पुन्हा स्पर्श करते तेथे दुसरी खूण करावी. दोन्ही जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात आहे, आणि देवळाच्या पायाभरणीआधीचे प्राचीसाधन याच रीतीने करावे, असे शिल्पग्रंथ सांगतात. म्हणजे देवालयाची भिंत उभी राहण्यापूर्वी त्या भूमीवर शंकूची सावली पडावी, अशी आपली परंपरा. छायायंत्र देवळाच्या अंगणात परके कसे ठरेल?

तरीही समीक्षकाने दोष झाकू नयेत. या दुसऱ्या यंत्रात तीन दोष आहेत. पट्टी चांगली दोन बोटे जाड आहे, आणि तिला दोन कडा आहेत याचा मुलास विसर पडला. सकाळची सावली एका कडेची पडते, दुपारची दुसऱ्या कडेची. म्हणून मध्यान्हरेषा एक न काढता पट्टीच्या जाडीइतके अंतर सोडून दोन काढावयास हव्या होत्या. दुसरा दोष लाकडाच्या जातीचा विचार न केल्याचा. लाकूड लांबीत फारसे हलत नाही. रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फळीच्या रेषा पूर्व-पश्चिम ठेवल्याने मध्यान्हरेषा नेमकी या हालचालीच्या तोंडी सापडली आहे. शिवाय खाली आडव्या पट्ट्या न मारल्यामुळे फळी एका पावसाळ्यात वाकली. त्रिकोण कापतानाही लाकडाच्या रेषा तिरप्या कडेच्या दिशेने जावयास हव्या होत्या. तशा न गेल्याने वरचे टोक कलपले आहे. तिसरा दोष रंगाचा : रेषा इतक्या जाड आहेत की पाच मिनिटे तिच्या पोटात सहज मावतात.

हे दोष नवशिक्याचेच आहेत असे कोणी समजू नये. सवाई जयसिंगानेही प्रथम पितळेची यंत्रे वापरली, आणि ती लहान असल्यामुळे व त्यांचे आस झिजल्यामुळे वेध चुकतात असे पाहून दगडचुन्याची यंत्रे बांधली. उज्जयिनीची वेधशाळा त्याचीच. ती पुढे मोडकळीस आली असता ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला. जिवाजी वेधशाळा या नावाने ती आजही चालते. आमच्या नगराचा छायायंत्राशी हा जुना ऋणानुबंध आहे. आणि लाकडाचे म्हणाल तर कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने, ज्याच्या १५२० सालच्या ग्रहलाघवावर कित्येक पिढ्यांनी पंचांगे केली, त्यानेच प्रतोदयंत्र ऊर्फ चाबूकयंत्र या नावाचे काठीचे छायायंत्र वर्णिले आहे. उभ्या काठीच्या वरच्या टोकाशी आडवी खुंटी, आणि अंगावर तिची सावली मोजण्याच्या खुणा; एवढ्या हलक्या वस्तूवर ग्रंथ लिहिण्यात त्या थोर गणित्यास कमीपणा वाटला नाही.

आता मूळ वादाकडे वळू. ६ एप्रिल २०२५ च्या रामनवमीस हे दुसरे यंत्र देवळाच्या अंगणात ठेवले होते. घड्याळात बाराचा ठोका पडला, पाळणा हलला, गुलाल उधळला, सुंठवडा वाटला गेला. आणि यंत्रावरची सावली अकरा वाजून चाळीस मिनिटांच्या आसपास उभी! मंडळींत हशा पिकला. पुढे विश्वस्तांच्या बैठकीत यंत्र परत करावे असे ठरू लागले, आणि आम्हीही म्हणालो की जे घड्याळाशी जुळत नाही ते देवळात ठेवून लोकांचा बुद्धिभेद कशास करावा?

घरी येऊन गणित मांडले तेव्हा आमचीच चूक उघडी पडली. १९०६ पासून सरकारी घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या सूर्यावर चालते. ग्वाल्हेर त्याच्या पश्चिमेस सव्वाचार अंशांहून थोडे अधिक आहे. दर अंशास चार मिनिटे याप्रमाणे आपला सूर्य सुमारे सतरा मिनिटे मागाहून माथ्यावर येतो. त्यात सूर्याच्या वार्षिक गतीचा फरक मिळवावा लागतो : नोव्हेंबरच्या आरंभी ग्वाल्हेरचा मध्यान्ह घड्याळाच्या १२ वाजून १ मिनिटाजवळ, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ३१ मिनिटांजवळ. त्या रामनवमीस तो १२ वाजून २० मिनिटांच्या सुमारास होता. यंत्र खरे बोलत होते. पणजीस हा फरक पस्तीस मिनिटांच्या घरात जातो. मुंबईस एकोणचाळीस, आणि म्हणूनच तेथे १९५५ पर्यंत काही ठिकाणी जुनी मुंबई वेळ चालू राहिली.

कायद्यात 'मानीव' असा एक शब्द आहे. जी गोष्ट वस्तुतः तशी नाही, ती सोयीसाठी तशी आहे असे मानावयाचे. घड्याळाचे बारा हा मानीव मध्यान्ह होय. त्यावाचून आगगाडी चालणार नाही, न्यायालय भरणार नाही. आम्ही त्याचे शत्रू नाही. दुसऱ्या पक्षाची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे : धर्मशास्त्र दिवसाचे पाच भाग करते आणि त्यांतील मधला तो मध्यान्हकाळ. त्या दिवशी तो अकराच्या पुढे सुरू होऊन दीडपर्यंत होता. तेव्हा घड्याळाच्या बाराला झालेला जन्मोत्सव अशास्त्र झाला, असे म्हणण्यास आधार नाही. वाद उत्सवाच्या शुद्धतेचा नाही. 'सूर्य माथ्यावर आला' असे कीर्तनकार सांगत असता, अंगणातील एकटा लाकडी साक्षीदार 'अद्याप नाही' म्हणत होता, आणि आम्ही सर्वांनी मान वर करून पाहण्याऐवजी त्यासच हसून खोटे ठरवले. प्रश्न त्या हसण्याचा आहे. घरी जाताना मुलाने ते यंत्र पोत्यात गुंडाळून नेले, हे आम्ही पाहिले होते.

देवळांनी मापाच्या बाबतीत इतके सैल असावे, हे ग्वाल्हेरास तर मुळीच शोभत नाही. किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवास दिलेल्या फुलबागेची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, रोजच्या माळा ५०, असे त्यात कोरले आहे, आणि त्या आकड्यांतील शून्य पाहण्यास दूरदूरचे गणिती येतात. देवाची बाग ज्यांनी हातांनी मोजली, त्यांच्या वंशजांना देवाचा मध्यान्ह मोजण्याचा कंटाळा का यावा?

वाट उज्जयिनीने दाखवून ठेवली आहे. तेथील सम्राट यंत्र उज्जयिनीच्याच सूर्याची वेळ दाखवते. त्यास घड्याळाप्रमाणे वाकवलेले नाही. मात्र बाजूस तक्ता लावला आहे, त्यातील मिनिटे मिळवली की भारतीय प्रमाणवेळ मिळते. सूर्याचे सूर्याला, घड्याळाचे घड्याळाला. आणि दोहोंमधील हिशेब सर्वांस वाचता येईल असा भिंतीवर. यंत्र खोटे न पाडता आणि गाडी न चुकवता याहून चांगला न्याय कोणता होईल?

म्हणून आमचा अभिप्राय असा. पहिले यंत्र सुबक आहे. त्यास पाचर मारून घरी ठेवावे. दुसरे ओबडधोबड आहे, तरी त्याच्या त्रिकोणात या गावाचा आकडा आहे आणि फळीच्या कडेस 'ग्वाल्हेर' हे नाव किंचित वाकड्या अक्षरांत कोरले आहे. शिसव आणि रोगण मिळून जे शोभा देत नाहीत ते त्या अक्षरांनी दिले आहे. त्याचे तीन दोष काढून, शेजारी महिनेवार मिनिटांचा तक्ता लावून ते देवळाच्या अंगणात ठेवावे, असे लेखी मत आम्ही मंडळाकडे दिले आहे, आणि आधीचे मत परत घेतले आहे. निर्णय मंडळाचा. तोवर मुलगा तिसऱ्या फळीस लागला आहे. या वेळी त्याने फळीच्या रेषा उत्तर-दक्षिण ठेवल्या आहेत, खाली दोन आडव्या पट्ट्या मारल्या आहेत, आणि मध्यान्हीसाठी पट्टीच्या जाडीचे अंतर सोडून दोन रेषा आखल्या आहेत.